एक टिचकी म्हणजे होय

दयानंद पहिल्यांदा माझ्या दारात आला तो पेटी मागायला. बंगळूरच्या राजाजीनगरात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. तो खाली, मी वरच्या मजल्यावर मुलीकडे. आमची नाटक कंपनी बंद पडून तेव्हा बारा वर्षं झाली होती. पेटी खोळीत होती आणि मीही जवळजवळ खोळीतच होतो. त्यामुळे कोणी तिची आठवण काढली याचंच मला अप्रूप वाटलं.

"मास्तर, पेटी तासभर हवी होती."

"वाजवणार कोण?"

"वाजवायची नाही. एका आवाजाची पट्टी मोजायची आहे."

खाली गेलो तर खुर्चीत त्याचे वडील बसलेले. आप्पाजी. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं काढलेला उंच, हाडापेराचा माणूस. गळ्याशी पांढरी पट्टी, तिच्या आड श्वासासाठी ठेवलेलं भोक. कर्करोगानं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं होतं. ओठ हलायचे, जीभ हलायची, पण नाद कुठून येणार? घरात ते पितळी वाटीवर नखानं टिचकी मारायचे. एक म्हणजे होय, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे इकडे ये. कावेरी, म्हणजे दयानंदची बायको, स्वयंपाकघरातून त्या टिचक्यांना उत्तरं द्यायची आणि संसार चालायचा.

दयानंद बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात होता. रक्तदाब मोजायची यंत्रं, वाफ घ्यायची यंत्रं, असला माल तिथं व्हायचा. त्यानं बॅटरीच्या छोट्या टॉर्चसारखं काहीतरी बनवलं होतं. गळ्याला बाहेरून टेकवायचं, बटण दाबायचं, ते थरथरायचं, ती थरथर तोंडात जायची आणि माणसानं नुसते ओठ-जीभ हलवले की तिचे शब्द व्हायचे. परदेशात अशी यंत्रं होती, पण आपल्या माणसाला परवडणारी नव्हती. दयानंदच्या यंत्रात शब्द उमटत होते, मात्र आवाज भुंग्याचा येत होता आणि आप्पाजी वैतागून ते बाजूला ठेवत होते.

मी पेटी उघडली. एकेक सूर दाबत गेलो, दयानंद यंत्रातला स्क्रू पिळत गेला. खर्जातल्या 'पांढरी पाच' या सुरावर आलो तेव्हा आप्पाजींनी हात वर केला. यंत्र गळ्याला लावलं. अडखळत, पण स्पष्ट म्हणाले, "आता ऐकू येतंय का, मास्तर?"

मी चमकलो. निपाणीच्या मुक्कामात आमच्या तंबूत शेवटच्या रांगेत एक आडदांड प्रेक्षक बसायचा आणि माझं स्वगत रंगात आलं की ओरडायचा, "ऐकू येत नाही, मास्तर, आवाज काढा की." तीन हंगाम त्यानं माझा छळ केला होता. तो हाच. आम्ही दोघं इतके हसलो की कावेरी बाहेर आली. आप्पाजींच्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते.

तिथून पुढं त्या यंत्राचं सगळं आयुष्य मी पाहिलं. दयानंद कारखान्यात त्या यंत्राचा व्यवस्थापक झाला. वस्तू डोक्यात आल्यापासून ती बाजारातून उठेपर्यंतची सगळी उस्तवार ज्याच्या अंगावर, तो व्यवस्थापक, असं त्यानं मला समजावलं होतं. मालकांनी विचारलं, असली वस्तू घेणार कोण? तर हा महिनाभर रजा टाकून सरकारी दवाखान्यांच्या रांगांमधून हिंडला. बेळगाव, हुबळी, कलबुर्गी, मिरज. गळ्याला पट्टी बांधलेली माणसं मोजली आणि यादी मालकांपुढं ठेवली. दोन हजार सातमध्ये पहिली शंभर यंत्रं बाहेर पडली. वर नाव होतं 'नाद'. पहिल्यातलं पहिलं आप्पाजींना.

दुरुस्तीचा फोन दयानंदच्याच टेबलावर होता. आता अडचण बघा. ज्याचं यंत्र बिघडलं त्याला फोन करता येतो, पण बोलता येत नाही. दयानंदनं घरातलीच टिचकी तिथं नेली. यंत्राबरोबर जाणाऱ्या कागदावर वाटीचं चित्र छापलं: फोन लावा, नखानं वाजवा, एक म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. मग हा विचारायचा, बॅटरी बदलली? टक. थरथर येते? टक टक. अशा चौकशीतून नेमका बिघाड तो हुडकून काढायचा. बाजूच्या टेबलावरचे त्याची चेष्टा करायचे. "दयानंद, तुझा तबलजी आला रे लाइनवर." तो हसून फोन घ्यायचा.

एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. बायकांनाही तो पुरुषी खर्ज वापरावा लागतो हे मला सोसेना. आमच्या कंपनीत स्त्रीपार्टी नट अर्धं आयुष्य आवाज वर चढवण्यात घालवायचे. इथं उलट शिक्षा होती. मी दयानंदच्या मागं लागलो. दोन हजार तेरामध्ये त्यानं दुसरं यंत्र काढलं: हलकं, स्वस्त, बायकांसाठी चढ्या पट्टीचं वेगळं बटण असलेलं. त्यासाठी आतली तारेची गुंडाळी, तिला ते कॉइल म्हणतात, लहान आणि बारीक करावी लागली. ती लवकर जळायची. जळली की दुसरी बसवायची, एवढंच. पुढं सगळं त्या गुंडाळीवरच अडलं.

दोन हजार अठरात आप्पाजी गेले. शेवटचे आठ दिवस त्यांनी यंत्र हातात घेतलं नाही, वाटीवरच भागवलं. ते यंत्र दयानंदनं पुसून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं.

पुढच्या वर्षी कारखान्यानं सगळ्या मालाचे दुरुस्तीचे फोन एका जागी नेले. दहा-बारा मुली कानाला हेडफोन लावून बसायच्या. दयानंदनं आपलं टेबल सोडताना अकरा पानांची टिपणं लिहून दिली: कोणता भाग कुठं मिळतो, कोणता बिघाड कसा ओळखायचा, सगळं. टिचकीबद्दल मात्र एक ओळ नव्हती. लपवायचं काहीच नव्हतं. त्याला ती कामाची पद्धत वाटलीच नाही कधी. ती घरची गोष्ट होती, वडिलांची. घरची गोष्ट कारखान्याच्या कागदात कोण लिहितो? कागदावरचं वाटीचं चित्रही नव्या छपाईत उडालं आणि ते उडालेलं वडलांच्या वर्षश्राद्धाच्या महिन्यात त्याच्या नजरेतून सुटलं.

मग यंत्राचे दिवस भरत आले. नव्या शस्त्रक्रियेत घशात छोटी झडप बसवू लागले, पैसेवाले रुग्ण तिकडं गेले. सरकारचे नवे नियम आले, पुन्हा सगळ्या चाचण्या करा म्हणाले. पुण्याहून अद्वैत नावाचा नवा साहेब आला होता, बत्तीस वर्षांचा, सभ्य. त्यानं बैठकीत पडद्यावर आकडे दाखवले. जवळजवळ अडीच हजार यंत्रं विकली गेली. पण दोन वर्षांत फोन आले फक्त दोनशे चाळीस माणसांचे.

"सर, बाकीचा युजर बेस इनअ‍ॅक्टिव्ह आहे," अद्वैत म्हणाला. "आय मीन, वयस्कर पेशंट होते. वारले असणार."

दयानंदला ते पटलं. त्यानं मला जिन्यात सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता, पण शंका नव्हती. कॅन्सरचे रोगी, बिडीकामगार, वखारवाले; आप्पाजी नाही का गेले? त्यानंच बंद करण्याच्या कागदावर सही केली. असं यंत्र बंद करताना जिवंत गिऱ्हाइकांपुरते सुटे भाग शेवटचे करून ठेवायचे असतात. त्यानं अडीचशे गुंडाळ्या करायला टाकल्या. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या छोट्या कारखान्यात त्या व्हायच्या, तिथला पोलादी साचा शेवटचा माल निघाल्यावर कापून टाकायचा नियम होता, कुणी नकली माल काढू नये म्हणून. आणि कापताना कंपनीचा माणूस समोर उभा हवा. दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये दयानंद तिथं उभा राहिला. साच्याचे दोन तुकडे झालेले पाहून घरी आला आणि जेवला नाही, असं कावेरी म्हणाली.

एप्रिलमध्ये कारखान्याच्या फाटकावर एक बाई येऊन बसली. यल्लव्वा. संकेश्वरकडची, आठवडी बाजारात मिरच्या विकणारी, साठीची. तंबाखूनं तिचाही गळा नेला होता. हातात पोस्टमननं लिहून दिलेली चिठ्ठी: यंत्र बंद आहे, दयानंद साहेबांना भेटायचं आहे. दयानंदनं तिला आत आणलं, चहा मागवला, यंत्र उघडून पाहिलं. गुंडाळी जळून काळी झालेली.

"अक्का, इतक्या लांब कशाला आलात? फोन करायचा की."

तिनं टेबलावर नख वाजवलं. एकदा.

"केला होता? आमच्याच नंबरवर?"

एकदा.

"कुणी उचलला नाही?"

दोनदा. म्हणजे उचलला. मग तिनं पदराआडून आपला मोबाइल काढला, कानाला लावला, थोडं थांबली आणि अंगठ्यानं बटण दाबून बंद केला. दयानंदकडं बघत राहिली.

दयानंद उठला आणि तिचं यंत्र हातात घेऊन थेट अद्वैतकडं गेला.

अद्वैतनं पाच मिनिटांत कारण शोधून काढलं. समोरून कोणी बोललं नाही तर मुलींनी तीनदा हॅलो म्हणायचं आणि फोन ठेवायचा, असा नियम होता. असले फोन 'ब्लँक कॉल' म्हणून वेगळ्या रकान्यात पडायचे आणि कुठल्याच अहवालात धरले जायचे नाहीत. त्या रकान्यात पुन्हा पुन्हा येणारे पाचशे चाळीस नंबर होते. ज्यांचं यंत्र चालू होतं ते बोलू शकले, म्हणून जिवंत मोजले गेले. ज्यांचं बिघडलं होतं ते मेलेल्यांत जमा झाले.

पुढचे चार दिवस दयानंदच्या घरी, बैठकीच्या खोलीत आम्ही त्या पाचशे चाळीस नंबरांना फोन लावले. दयानंद, कावेरी, मी आणि अद्वैत. अद्वैतला कोणी बोलावलं नव्हतं. रजा टाकून बसवनगुडीहून रिक्षानं यायचा, चपला दाराबाहेर काढून कोपऱ्यात बसायचा. यल्लव्वाला कावेरीनं ठेवून घेतलं होतं. परतीच्या गाडीचा विषय तिनं काढला नाही, आम्हीही नाही.

मी आयुष्यभर भरलेल्या तंबूपुढं बोललो. पुढच्या अंधारात माणसं आहेत हे शिट्ट्यांवरून, खोकल्यावरून कळायचं. इथं फोन उचलला जायचा आणि पलीकडे काहीच नसायचं. मी सांगायचो, 'नाद'वाल्यांकडून बोलतोय, तुम्हीच असाल तर एकदा वाजवा. पुष्कळांना विश्वास वाटेना; फसवणारे फोन सगळ्यांनाच येतात. मग यल्लव्वा माझ्या हातातून फोन घ्यायची आणि तिच्या त्या जाड, मिरच्यांनी तांबूस झालेल्या नखानं वाजवायची. एक. थोडं थांबून पुन्हा एक. आणि पलीकडून उत्तर यायचं. टक.

"सर," अद्वैत पहिल्या दिवशी हळूच म्हणाला, "पलीकडे खरंच कोणीतरी आहे."

दयानंदनं त्याच्याकडं पाहिलं नाही. कागदावर खूण केली, पुढचा नंबर लावला.

काही ठिकाणी मुलानं, सुनेनं उचलला आणि सांगितलं की वारले. एका घरात सांगितलं, दीड वर्ष फोन लावत होते हो तुम्हाला, गेल्या श्रावणात गेले. चौथ्या दिवशी दुपारी यादी पुरी झाली. तीनशे अठ्ठ्याऐंशी जणांनी वाजवलं होतं. गुंडाळ्या अडीचशे. तयार यंत्रं केव्हाच संपली होती.

दयानंद मालकांकडं गेला. नवा साचा करा म्हणाला. त्यांनी ऐकून घेतलं. बंद झालेल्या वस्तूचा साचा करायचा तर पुन्हा परवाना, पुन्हा चाचण्या, दोन वर्षं तरी. आणि पीण्यातला तो कारखानाही आता दुसऱ्या कामाला लागलेला. अडीचशे गुंडाळ्या फुकट पाठवायला मात्र त्यांनी परवानगी दिली आणि सर्वांना दिलगिरीचं पत्र पाठवायचं ठरलं. ते पत्र चांगल्या इंग्रजीत होतं.

म्हणजे यादी करणं आलं. दयानंदनं नियम घातला: ज्याच्या घरात त्याच्या वतीनं बोलणारं दुसरं कोणी नाही, त्याला आधी. त्या नियमानं आम्ही पुन्हा तीनशे अठ्ठ्याऐंशी फोन केले. एकटे आहात का? टक. नवरा आहे? टक टक. माणसाला असा प्रश्न विचारावा आणि त्यानं आपल्या एकटेपणाची ग्वाही नखानं द्यावी!

यल्लव्वाच्या घरी मुलगा आहे, सून आहे. ती उरलेल्या एकशे अडतिसांत गेली.

मी दयानंदला बाजूला घेतलं. म्हटलं, ही बाई साडेतीनशे मैलांवरून आली, सहा दिवस तुझ्या घरात बसून तुझं काम केलं. हिला एक गुंडाळी दे, वरून कोण विचारायला येतंय?

"आणि जो अडीचशेवा आहे, त्याला काय सांगू?" तो म्हणाला. "तो आला नाही म्हणून त्याची काढून घेतली? मास्तर, एकदा न मोजता माणसं सोडली. आता मोजून बाजूला करतोय, तर निदान तोंड बघून करू नये."

त्यानं तिच्यापुढं खुर्ची ओढली. सगळं सांगितलं, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. किती माणसं, किती गुंडाळ्या, नियम काय, ती कुठं येते. काही लपवलं नाही. कावेरी दारात उभी होती. यल्लव्वानं ऐकून घेतलं. बाजारात मिरचीला मागितला तो भाव कोणी दिला नाही की बाई जशी नजर दुसरीकडं नेते, तशी तिनं नेली. मग खुर्चीच्या हातावर एकदा वाजवलं.

तिनं पिशवी आवरायला घेतली. दयानंद उठून आत गेला. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आला तेव्हा हातात ते फडकं होतं.

आप्पाजींच्या यंत्रातली गुंडाळी काढून तिला देता आली नसती. ती पहिल्या यंत्राची, मोठी. दुसऱ्या यंत्रात मावत नाही. लहान करायचं त्यानंच ठरवलं होतं, माझ्या आग्रहानं. त्यानं आख्खं यंत्रच तिच्या हातात ठेवलं. "अक्का, ह्यात बायकांचं बटण नाही," म्हणाला. "जुनं आहे. पण चालतं. हे कंपनीचं नाही, आमचं आहे." नवी बॅटरी घातली. कावेरीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली.

यल्लव्वानं ते उलटसुलट करून पाहिलं. गळ्यावरचा पदर सरकवला, नेमकी जागा शोधली, बटण दाबलं.

खर्जातली पांढरी पाच. पाच वर्षांनी ती त्या खोलीत उमटली आणि कावेरी तोंडाला पदर लावून आत निघून गेली. पेटीवर मीच जुळवून दिलेला तो सूर ऐकत मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मिरच्या विकणाऱ्या बाईच्या तोंडून आप्पाजी बोलत होते.

"एक्केचाळीस वेळा फोन केला," ती म्हणाली. शब्द सावकाश, एकेक वेगळा. "तुझी माणसं हॅलो हॅलो म्हणायची. मी वाजवत होते. दरवेळी कट. तूच शिकवलं होतंस ना रे, वाजवा म्हणून?"

वडील समोर बसून विचारत असल्यासारखा दयानंद मान खाली घालून उभा होता. मग त्यानं हात पुढं केला आणि टेबलाच्या कडेवर नखानं वाजवलं. एकदा.